कपाटासाठी कापलेला कठडा

"वय झालं होतं हो," असं पहिल्यांदा सेक्रेटरी म्हणाले, आणि मग ते वाक्य बिल्डिंगभर फिरत राहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता तेच म्हणायचा. वय झालं होतं. तोल गेला. या वयात तोल जायचाच. कोणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या, अंथरुणाला खिळल्या नाहीत हे काय कमी आहे?

कंडक्टरकाका खुर्चीत बसून ऐकायचे. उभा जन्म त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवला होता आणि रिटायर होऊन किती तरी काळ लोटला तरी बिल्डिंगमध्ये त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं. त्यांची बायको पडली ती जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, सकाळी दूध आणायला जाताना. त्यानंतर काही दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. शुद्धीवर होती, बोलत होती. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती.

"अहो, तोल नाही गेला माझा. दोरी आली."

दोरी आली म्हणजे काय, हे काकांना कोणी समजावून सांगायला नको होतं. भांड्याचा आवाज ऐकून ते खाली धावले तेव्हा ती भिंतीशी पडली होती आणि दोरी तिच्या मुठीत होती. मूठ त्यांनी सोडवली होती.

त्या वळणावर पूर्वी लोखंडी कठडा होता. बिल्डिंग बांधली तेव्हापासून होता. काकांच्या समोरच्या बिऱ्हाडात विमावाला राहायला आला आणि त्यानं एक कपाट विकत घेतलं. चांगलं तीन दारांचं, आरसा लावलेलं. हमालांनी ते पहिल्या मजल्यापर्यंत आणलं आणि वळणावर ते अडकलं. तिरकं करून झालं, उभं करून झालं. मग विमावाला म्हणाला, एवढासा तुकडा कापू, कपाट वर गेलं की उद्या परत जोडून घेऊ. माणूस बोलवला, कठडा कापला, कपाट वर गेलं. आणि घराच्या दारातून आत जाईना.

त्या दिवसापासून कपाट दुसऱ्या मजल्यावर, काकांच्या आणि विमावाल्याच्या दारांच्या मधे, विजेच्या मीटरच्या पेटीखाली उभं होतं. त्यात रद्दी गेली, रंगकामातून उरलेले थिनरचे डबे गेले, तेलकट चिंध्या गेल्या. खाली कठड्याच्या जागी एक नायलॉनची दोरी बांधली गेली. तात्पुरती.

"तात्पुरतं म्हणजे जन्माचं," काकू म्हणायची. विमावाल्याला 'कपाटराव' हे नाव तिनंच ठेवलं होतं. "लोकांना सांगत फिरतो अपघाताचा विमा घ्या. हा घरोघरी फिरतो कशाला? वळणावर नुसता बसून राहिला तरी गिऱ्हाईक मिळेल."

ती नुसती बोलली नव्हती. एकदा कोपऱ्यावरच्या वेल्डरला हाताला धरून घेऊन आली. त्यानं जागा बघितली, वर येऊन कपाटाचं दार उघडलं, वास घेतला आणि दार हळूच लावलं.

"बाई, याच्याखाली मी ठिणग्या पाडायच्या? आधी हे हलवा, मग बोलवा."

विमावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हलवू कुठं? घरात जात नाही. खालीच न्यावं लागेल, गिऱ्हाईक बघतोय. आणि काकू, कठडा आधी जोडला तर कपाट खाली कसं जाणार?"

म्हणजे कपाट आहे तोवर कठडा जोडता येत नव्हता आणि कपाट जाणार म्हणून कठडा जोडायचा नव्हता. हे त्यानं इतक्या गोड आवाजात सांगितलं की काकूला आधी हसूच आलं. काकांना मात्र आलं नव्हतं. 

*

मुलगी राहायला आली होती. सासर लांबच्या गावी, सुट्टी मोजकी. आल्यापासून ती घरात एकेक करत सुटली होती. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली. खाटेजवळची सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. गॅसची नळी बदलली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा लावला. काका बघत होते.

"बाबा, ही रबरी चटई मी आणणार होते, पण इथं आधीच आहे."

"तुझ्या आईनं आणलेली. दिवाही तिनं लावला होता, बल्ब बदलायचा माझ्याकडून राहिला होता. ओट्याजवळ बघ, तेल ठेवायची जागा शेगडीपासून लांब केलीय. सगळं तिनं केलं होतं. घरात ती पडलीच नसती कधी."

"तुम्ही माझ्याकडे चला."

"आणि इथं?"

"इथं काय आहे आता?"

"दोरी आहे," काका म्हणाले. "पोरी, तू हे सगळं प्रेमानं करतेस, मला कळतं. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला. ती घरात पडली का? आपल्या दाराच्या बाहेर पडली. आत म्हातारी माणसं कितीही जपून राहिली तरी बाहेर यांनी कठडा कापून ठेवायचा आणि वर म्हणायचं, तोल गेला."

मुलगी म्हणाली, "बाबा, आता कोण काय म्हणतं यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो. ती मरताना खरं बोलत होती. हे सगळे मिळून तिला खोटं पाडताहेत. कठडा परत लागेपर्यंत आणि यांच्या तोंडून तिचं वाक्य निघेपर्यंत मी इथून हलत नाही."

*

मीटिंग खाली गाड्या लावतात तिथं झाली. सेक्रेटरी उभे राहिले.

"काकूंचा तोल जाऊन जी दुर्दैवी घटना घडली..."

"तोल गेला नाही," काका बसल्या जागेवरून म्हणाले.

"बरं, पाय घसरून..."

"पायही घसरला नाही. दोरी सैल होती. माणूस भार टाकतो तेव्हा दोरी माणसाबरोबर येते. दांडा येत नाही. मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं, दांडा धरा. दोरी धरा असं एकदाही म्हणालो नाही."

सगळीकडे चुळबुळ झाली. विमावाला मोबाईलमध्ये बघत होता. मग बऱ्याच चर्चेनंतर ठरलं ते असं, की जिन्यात एक पाटी लावायची: ज्येष्ठांनी जिना उतरताना काळजी घ्यावी, शक्यतो एकट्यानं उतरू नये.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी काठी टेकत उठल्या. त्या पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या. जन्मभर डाव्या कानाला लोकांचे आवाज लावून तो कान आता कामातून गेला होता, जीभ मात्र शाबूत होती.

"एकट्यानं उतरू नये म्हणजे? रोज कडेवर घेणार का मला, सेक्रेटरी? बघा हं, मी वजनाला आहे."

लोक हसले. सेक्रेटरीही हसले.

"मावशी, लिफ्टचा प्रस्ताव आहेच. एकदा लिफ्ट आली की रेलिंगचा प्रश्नच मिटला."

"लिफ्ट येणार हे माझे केस काळे होते तेव्हापासून ऐकतेय."

"आणि कपाट?" काकांनी विचारलं. "मीटरखाली थिनर ठेवलाय यानं. उद्या तिथं पेटलं तर वरच्या माणसांनी उतरायचं कुठून?"

"काका," विमावाला पहिल्यांदा बोलला, आवाज तोच गोड, "तुम्ही दुःखात आहात. मी समजू शकतो."

काका उठले आणि वर निघून गेले. दुःखात आहात! म्हणजे माणूस मेलं की मागे राहिलेल्याच्या बोलण्याला दुःख म्हणायचं आणि बाजूला सारायचं. दाराला किल्ली लागेना. मावशी मागून आल्या तोवर ते तसेच उभे होते.

"मी उद्या ती दोरी काढतो," ते म्हणाले.

"काय?"

ते त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाले, "दोरी काढतो!"

"मग मी धरू काय?"

"मला धरा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी सासरी गेल्यावर, काकांनी दोरी सोडली, गुंडाळून घरात नेऊन ठेवली. मग घरातली जड लाकडी खुर्ची खाली नेली आणि कठडा कापलेल्या तोंडाशी पाठ लावून ठेवली. तिथं ते बसले. कोणी आलं की उठायचे, उरलेला कठडा एका हातानं धरायचे आणि दुसरा हात पुढं करायचे.

"दांडा नाही. हात धरा."

पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी सगळ्यांत आधी आल्या, हातात वर पोचवायच्या कपड्यांची पिशवी. त्या ओशाळल्या. "काका, अहो हे काय?" म्हणाल्या, पण हात धरला. मुलांना मजा वाटली. ती मुद्दाम वरखाली करू लागली आणि दर वेळी "एक फुल, एक हाफ" असं ओरडायची. मावशी रोज थाटात हात धरून उतरायच्या. "माझं लग्न झालं तेव्हाही कोणी असा हात धरला नव्हता."

तरुण पोरांना राग यायचा. म्हणायची, काका, आम्हाला नाही लागत आधार. काका म्हणायचे, "मला माहीत आहे. तुला नाही लागत म्हणूनच कठडा अजून लागला नाही."

विमावाला मात्र भिंतीला घासून जायचा. हात पुढं असायचा, तो बघायचाच नाही. कोटाला चुना लागायचा तरी चालायचं त्याला. जेवायला, झोपायला काका वर जायचे तेव्हा खुर्ची तिथंच असायची.

सेक्रेटरी येऊन म्हणाले, "काका, जिन्यात खुर्ची ठेवणं नियमात बसत नाही."

"आणि कपाट बसतं?"

सेक्रेटरी वर कपाटाकडे बघू लागले.

"ते घरात बसेना म्हणून बाहेर आहे, तेवढं मला माहीत आहे," काका म्हणाले. "पण नियमात कसं बसवलंत, तेवढं सांगा."

सेक्रेटरींनी हात धरला आणि खाली गेले.

मुलीचा फोन यायचा. "बाबा, लोक हसतात म्हणे."

"हसू देत. हसताना हात तर धरतात."

हे बोलायला सोपं होतं. दुपारच्या वेळी जिन्यात कोणी नसायचं तेव्हा त्यांची नजर समोरच्या भिंतीवर जायची, तिचं डोकं आपटलं त्या जागेवर. कोणी तरी तिथं पुसून घेतलं होतं आणि तेवढाच चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ होता. तेवढं पुसायला लोकांना वेळ मिळाला होता.

*

अशाच एका दुपारी त्यांना रबर जळल्याचा वास आला. वर तडतडल्यासारखं झालं. ते उठून चार पायऱ्या चढले तर मीटरच्या पेटीतून ठिणगी पडताना दिसली, सरळ कपाटावरच्या रद्दीवर. कागद धुमसला आणि बघता बघता काळा, डोळ्यांत जाणारा धूर जिन्यात भरू लागला.

काका आणखी वर गेले नाहीत. जाण्यासारखं नव्हतं. ते वळणावर परत आले आणि खाली ओरडले.

"वहिनी! मशीन सोडा! खालचं मेन बंद करा आणि बंबाला फोन लावा!"

शिवणयंत्र थांबलं. वहिनी तशाच धावल्या.

मग काकांनी मान वर केली. बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी किती तरी दिवसांत काढला नव्हता. "मावशी! खाली येऊ नका! धूर आहे! दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा, खिडकीत उभ्या राहा!"

वरून काही उत्तर नाही. मावशींचा तो कान. त्यांनी पुन्हा हाक मारली, घसा फुटेपर्यंत.

उत्तर आलं ते बाहेरून, रस्त्याच्या बाजूनं, जिन्याच्या जाळीतून. मावशी खिडकीतून ओरडत होत्या.

"बहिरी आहे, वेडी नाही! दार कधीच लावलंय!"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. विमावाला दुपारचा झोपला होता. घरात थांबला असता, दार लावून घेतलं असतं तर बरं होतं, पण कपाट त्याच्या उंबऱ्याशी पेटलं होतं आणि तो घाबरला. खोकत, डोळे मिटून तो पायऱ्या उतरला. दोन-दोन एकदम. वळणावर त्याचा पाय चुकला आणि हात सवयीनं दोरीच्या जागी गेला.

दोरी नव्हती. काकांचा हात होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार टाकला.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की कंडक्टर जसा पाय रोवतो तसा काकांनी भिंतीला पाय लावला होता. दुसऱ्या हातानं उरलेला कठडा घट्ट धरला होता. खांद्यातून कळ गेली. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला नको. हात सोडला नाही, एवढं खरं.

"उतर," ते म्हणाले. "सावकाश. आता पायरी आहे."

बंब आला. जवानांनी लवकरच विझवलं. मावशींना त्यांनी नंतर खाली आणलं, तोंडाला ओला पदर लावलेला. एक जवान खाली येऊन म्हणाला, "मीटरखाली ते कपाट कोणी ठेवलं?"

सगळी बिल्डिंग खाली उभी होती. सेक्रेटरी मावशींना बसायला खुर्ची शोधू लागले.

*

दुसऱ्या दिवशी कपाट गेलं. एक सुतार आला, त्यानं करवत काढली आणि उरलेल्या सांगाड्याचे तुकडे केले. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. तुकडे हातातून खाली गेले, वळणावर कुठं अडकले नाहीत.

काका दारात उभं राहून बघत होते आणि त्यांना बरं वाटण्याऐवजी असा संताप आला की त्यांनी चौकट धरली. म्हणजे एवढंच होतं. कठडा कापायला करवत सापडली होती, कपाट कापायला सापडली नव्हती. लोखंड कापलं, पण आरशाच्या कपाटाला ओरखडा येऊ दिला नाही. आणि तिला सांगत होता, काकू, गिऱ्हाईक बघतोय.

मग वेल्डर आला, तोच कोपऱ्यावरचा. त्यानं वर बघितलं, मान हलवली आणि मुकाट्यानं काम केलं. कठडा जोडला. वरातीमागून घोडं आलं, पण आलं.

संध्याकाळी सेक्रेटरी चार माणसं घेऊन वळणावर आले. विमावालाही होता. सेक्रेटरींच्या हातात काही तरी कागदात गुंडाळलेलं होतं.

"काका, सगळ्यांच्या मनात आहे की इथं एक छोटी पाटी लावावी. काकूंच्या स्मरणार्थ. त्यांच्यामुळंच हे काम झालं."

काकांनी पाटी बघितली नाही.

"तिच्यामुळं झालं?" ते म्हणाले. "हा कठडा तिनं दान दिलेला नाही. हा इथं आधीपासून होता. तुम्ही काढलात. तिचा जीव गेला तरी लावला नाहीत, तुमचं मीटर पेटलं तेव्हा लावलात. तिचं नाव यावर घालायचं नाही. पाटी लावायचीच असेल तर लिहा, हा कठडा कपाटासाठी कापला होता."

"काका, आता झालं गेलं..."

"झालं नाही अजून." ते वर गेले, दोरी घेऊन आले आणि विमावाल्याच्या हातात दिली. "ही तुमची. आता सांगा. तिचा तोल गेला होता का?"

विमावाला दोरीकडे बघत राहिला. गोड आवाज कुठं गेला कोण जाणे.

"काका, मला खरंच..."

"ते नको. जे विचारलं तेवढं."

"नव्हता गेला," तो पुटपुटला. "दोरी सैल होती."

"काय म्हणाला?" वरच्या पायरीवरून मावशींनी विचारलं. "मला या बाजूनं ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल बाबा."

विमावाल्यानं वर बघितलं. दारं उघडी होती, वहिनी होत्या, मुलं होती, रागावणारी ती तरुण पोरंही होती.

"काकूंचा तोल गेला नव्हता!" तो म्हणाला. आवाज जिन्यात घुमला. "मी बांधलेली दोरी सैल होती!"

"आता आलं ऐकू," मावशी म्हणाल्या.

सेक्रेटरींनी कागदातली पाटी काखेत धरली. काकांनी खुर्ची उचलली. वहिनी मदतीला पुढं झाल्या, पण ते नको म्हणाले. एका हातात खुर्ची होती, जड होती. दुसरा हात त्यांनी दांड्यावर ठेवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता, हाताला लागला. थोडं अंग टाकून बघितलं. दांडा हलला नाही.

मग खुर्ची घरात ठेवून ते दूध आणायला खाली गेले.